जॉर्जटाउनच्या पंचाहत्तर पायऱ्या: 'द एक्झॉर्सिस्ट'च्या जागा बघायला जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरमध्ये लेकीकडे व्हर्जिनियाला मुक्काम आहे. 'द एक्झॉर्सिस्ट', म्हणजे मुलीच्या अंगात भूत शिरतं आणि पाद्री ते उतरवायला येतात तो सिनेमा, कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर चोरून बघितला होता, आता त्याच्या जागा बघायच्यात. कुठे कुठे जावं, घर आतून बघता येतं का, दिवसा जावं की रात्री, ज्याच्यावरून ही गोष्ट सुचली त्या मेरीलँडमधल्या 'खऱ्या' मुलाचं घर बघण्यासारखं आहे का? शिवाय सोबत पंचाहत्तरीच्या आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना नेता येईल का?

पोटोमॅक नदीच्या व्हर्जिनियाकडच्या काठाला राहून मला एकोणीस वर्षं झाली. देशातून आलेल्या पाहुण्यांना पहिल्या तीन दिवसांत व्हाइट हाउस, लिंकनचं स्मारक आणि विमानांचं संग्रहालय दाखवून होतं आणि चौथ्या दिवशी यजमानाचा साठा संपतो. अशाच एका चौथ्या दिवशी मेहुण्याने विचारलं, "त्या भुताच्या पिक्चरच्या पायऱ्या इथेच कुठेतरी आहेत ना?" तिथून माझा हा उद्योग सुरू झाला. आतापर्यंत तीसेक खेपा झाल्या असतील. त्यामुळे आधी चटकन उत्तरं देऊन टाकतो. अर्धा दिवस पुरतो. घर आतून बघता येत नाही. दुपारी चारला निघा आणि अंधार पडताना पायऱ्यांवर असा. मेरीलँडच्या घराच्या नादी लागू नका. आणि आईंना जरूर न्या, फक्त पायऱ्या चढायला लावू नका. त्यांची सोय शेवटी सांगतो.

निघायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. सिनेमात जे एक घर दिसतं, ते अख्खं असं कुठेच नाही. घराचं तोंड वॉशिंग्टनमध्ये, मुलीची खोली न्यूयॉर्कमध्ये आणि सुरुवातीचं वाळवंट इराकमध्ये. हे तीन तुकडे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने असे शिवलेत, की १९७३ पासून लोक ते सगळं सलग, एकसंध समजून घाबरतायत. मला स्वतःला जागेवर गेल्यावर भीती कधीच वाटली नाही. मजा येते ती ही शिवण शोधण्यात. ज्यांना थरकाप हवा होता ते पाहुणे हिरमुसले होऊन परतले. ज्यांना 'हे केलं कसं?' असा प्रश्न पडतो, त्यांना मात्र मी हात धरून ओढत परत आणलेलं आहे.

वॉशिंग्टनच्या ज्या भागात हे सगळं आहे, त्या जॉर्जटाउनमध्ये मेट्रोचं स्टेशन नाही. गाडी न्यायचा मोह टाळा. निवासी परवाना नसेल तर गल्ल्यांमध्ये बहुतेक ठिकाणी दोनच तास गाडी लावता येते, आणि तीही जागा सापडली तर. पहिल्या खेपेला मी गाडीने गेलो, पाऊण तास चकरा मारल्या आणि परत आलो तेव्हा वायपरखाली दंडाची पावती फडफडत होती. तेव्हापासून माझी वाट ठरलेली आहे: व्हर्जिनियातल्या रॉसलिन स्टेशनला उतरायचं आणि की ब्रिजवरून चालत नदी ओलांडायची. रमतगमत वीस मिनिटं लागतात. सिनेमासुद्धा याच दाराने शहरात शिरतो. इराकचा भाग संपतो, तापलेला सूर्य विरघळतो आणि समोर हा पूल आणि त्यामागचं जॉर्जटाउन दिसू लागतं. पुलाच्या मधोमध थांबून पलीकडे बघा. डावीकडे टेकाडावर विद्यापीठाचे मनोरे दिसतात आणि त्यांच्या अलीकडे, नदीवर झुकल्यासारखी घरांची एक रांग. तीच प्रॉस्पेक्ट स्ट्रीट. सगळी हकीकत त्या एवढ्याशा टापूत घडते.

पूल उतरल्यावर बहुतेक लोक डावीकडे वळून थेट पायऱ्यांकडे धावतात. तुम्ही तसं करू नका. आधी चढ चढून विद्यापीठात जा आणि पायऱ्या शेवटाला ठेवा, म्हणजे त्या उतरायच्या होतील, चढायच्या नाहीत. मूळ कादंबरी आणि पटकथा ज्याची, तो विल्यम पीटर ब्लॅटी याच जॉर्जटाउन विद्यापीठाचा विद्यार्थी. १९४९च्या ऑगस्टमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने चौदा वर्षांच्या एका मुलाच्या अंगातलं भूत पाद्र्याने उतरवल्याची बातमी छापली, तेव्हा तो इथेच शिकत होता. बातमी त्याच्या डोक्यात राहिली आणि १९७१मध्ये तिची कादंबरी झाली. तिच्यात मुलाची मुलगी झाली आणि मेरीलँडमधलं प्रकरण उचलून त्याने आपल्या कॉलेजच्या गल्लीत आणून ठेवलं.

मुख्य फाटकातून आत गेलं की समोर हीली हॉल. १८७०च्या दशकात उभारलेली, करड्या दगडाची, टोकदार मनोऱ्यांची इमारत. मुलीची आई क्रिस ही नटी आहे हे आठवत असेल. तिच्या सिनेमातल्या सिनेमाचं शूटिंग चाललेलं दाखवलंय ते इथे, या इमारतीच्या पायरीशी. घरी परतल्यावर तो प्रसंग पुन्हा लावून बघा. दिग्दर्शकाशी बोलत उभा असलेला निर्माता म्हणजे स्वतः ब्लॅटी. आणि बघ्यांच्या गर्दीत हसणारा एक काळ्या कपड्यांतला तरुण दिसतो, तो फादर कॅरास, पुढे मुलीचं भूत उतरवायला येणारा तरुण पाद्री. कथेत त्याची आणि क्रिसची गाठ बऱ्याच उशिरा पडते, पण आपण त्याला आधीच बघून बसलेलो असतो. पहिल्या पाच-सहा वेळा मला हे दिसलंच नव्हतं. एका पाहुणीने, तेही जागेवर उभं राहून मोबाइलवर सिनेमा लावून, बोट ठेवून दाखवलं.

हीलीच्या मागच्या चौकात विटांचं डालग्रेन चॅपल आहे. मेरीच्या मूर्तीची विटंबना झालेली दाखवलीय ती या चॅपलमध्ये. एरवी दार उघडं असतं, आत जाऊन शांत बसता येतं. पण तिथे रोजची प्रार्थना चालते, मुलं परीक्षेच्या आधी येऊन गुडघे टेकतात. 'ती मूर्ती कुठाय?' असं मोठ्याने विचारत आत शिरू नका. एका पाहुण्याने शिरून विचारलं होतं. मी शेजारच्या खांबाकडे बघत राहिलो.

आता या फेरीतला माझा लाडका भाग. शूटिंग संपल्यावर क्रिस गाडीवाल्याला परत पाठवते आणि चालत घरी निघते. पानगळ, वारा, हॅलोविनचे मुखवटे घातलेली पोरं धावतायत, दोन नन्सचे झगे वाऱ्यावर उडतायत आणि मागे ती घंटेसारखी सुरावट. माइक ओल्डफील्डने 'ट्युब्युलर बेल्स' हा अल्बम केला तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. सिनेमात त्याचा छोटासाच तुकडा वाजतो, पण आज तो ऐकला की लोकांना हाच सिनेमा आठवतो. तर विद्यापीठाच्या फाटकातून बाहेर पडा, ३६व्या रस्त्याला लागा, कानात ती धून लावा आणि प्रॉस्पेक्ट स्ट्रीटकडे चालू लागा. ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात गेलात तर पानंसुद्धा तशीच पायाशी येतात. वाटेत होली ट्रिनिटी चर्च लागतं, जॉन केनेडी इथे प्रार्थनेला येत असत. या गल्लीत फारसं काहीच बदललेलं नाही. वीटकामाची चिंचोळी घरं, दाराशी तीन-चार लोखंडी पायऱ्या, कोपऱ्यावर दिव्याचा खांब.

थोडी वाट वाकडी केलीत तर ओ आणि पी या रस्त्यांच्या दगडी फरसबंदीत जुन्या ट्रामचे रूळ अजून दिसतील. वाकून बघा. दोन रुळांच्या बरोबर मधे एक अरुंद फट आहे. शहराच्या या भागात डोक्यावरून विजेच्या तारा न्यायला बंदी होती, म्हणून ट्रामला वीज जमिनीखालून, या फटीतून दिली जायची. १९६२मध्ये ट्राम बंद झाली. सिनेमाशी याचा संबंध काय, असं वाटेल, पण तो आहे, पायऱ्यांपाशी येतोच.

३६वा रस्ता प्रॉस्पेक्ट स्ट्रीटला मिळतो त्या कोपऱ्यावर ते घर. खासगी आहे, लोक राहतात आणि आता चांगलं उंच कुंपण आहे. रस्त्यावरून बघायचं, फोटो काढायचा, घंटी वाजवायची नाही. पाच मिनिटांत पाहुणे म्हणतात, "हे ते घर नाहीच." त्यांचं बरोबर आहे. सिनेमात मुलीच्या खोलीची खिडकी पायऱ्यांच्या अगदी डोक्यावर दिसते. त्या खिडकीतून बाहेर पडलेला माणूस थेट पायऱ्यांवर कोसळतो, सगळी कथा त्यावर टेकलेली आहे. प्रत्यक्षात घर आणि पायऱ्या यांच्यात एवढं अंतर आहे की लांब उडीतला पदकविजेतासुद्धा मधल्या झुडपांत पडेल. मग सिनेमावाल्यांनी काय केलं, तर घराच्या पायऱ्यांकडच्या बाजूला एक अख्खा खोटा भाग उभा केला, खिडकीसकट. शूटिंग संपलं, तो भाग निघाला. म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध झालेली ती खिडकी त्या घराला कधी नव्हतीच.

पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे राहा आणि आधी घराच्या भिंतीकडे, मग खाली, असं दोनतीनदा बघा. मधली ती मोकळी हवा जिथे आहे, तिथे ती खोली होती. मला सगळ्या फेरीत हा क्षण सगळ्यात भावतो. प्रत्येक वेळी पाहुण्यांना आधी न सांगता तिथे उभं करतो आणि कोणाच्या लक्षात येतं का बघतो. सिव्हिल इंजिनिअर मंडळींच्या लगेच येतं.

याच घरासमोर तो पोस्टरवरचा प्रसंग आहे. धुकं, दिव्याचा खांब, हातात बॅग घेऊन उभा असलेला म्हातारा पाद्री आणि वरच्या खिडकीतून त्याच्यावर पडणारा प्रकाशाचा झोत. फ्रीडकिनला हे चित्र सुचलं ते रेने माग्रितच्या 'एम्पायर ऑफ लाइट' या चित्रमालिकेवरून, ज्यात वर दिवसाचं आकाश आणि खाली रात्रीचा रस्ता असतो. म्हातारा पाद्री झालेला मॅक्स फॉन सिडो तेव्हा चव्वेचाळीसच्या आसपास होता, बाकीचं म्हातारपण रंगभूषाकार डिक स्मिथचं. तुम्हाला तसा फोटो हवा असेल तर सांगून ठेवतो, येत नाही. खिडकी नाही, झोत नाही आणि समोर कुणाची तरी गाडी लावलेली असते.

आता पायऱ्या. ७५ आहेत. आमच्या मेहुण्याच्या मोजणीत ७४ आल्या, त्याच्या मुलाच्या ७६ आणि खालचा फुटपाथ धरायचा का यावरून गाडीत घरापर्यंत वाद चालला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलेल्या माणसाला आकडा ऐकून काही वाटणार नाही, पण पर्वतीच्या पायऱ्या ऐसपैस, हत्ती चढतील अशा आहेत. या अरुंद आणि अंगावर येणाऱ्या आहेत. उतरताना डाव्या हाताला विटांची प्रचंड भिंत उभी राहते, आणि त्या फटीतून खाली एम स्ट्रीटवरच्या गाड्यांचे दिवे दिसतात. दगड मधोमध झिजलेत. पावसाळी दिवशी त्या खोलगट जागी पाणी साचतं, तेव्हा कठडा सोडू नका. ती डाव्या हाताची भिंत म्हणजे कार बार्न, ट्राम ठेवायची वखार. १८९५च्या सुमारास ती बांधली तेव्हाच या पायऱ्या झाल्या, वरच्या रस्त्यावरच्या माणसाला खाली ट्रामपर्यंत पोचायची सोय म्हणून. म्हणजे मघाशी वाकून बघितलेल्या त्या रुळांचीच ही भावंडं. आज कार बार्नमध्ये विद्यापीठाची कार्यालयं आहेत.

पडण्याचं दृश्य खरोखर इथेच चित्रित झालं. पायऱ्यांवर अर्धा इंच जाडीचं रबर चिकटवलं होतं आणि स्टंटमन त्यावरून दोनदा गडगडत गेला. अर्धा इंच म्हणजे घरातल्या योगाच्या चटईएवढंच. जागेवर जाऊन एका पायरीच्या धारेवर अंगठा दाबून बघा आणि मग तो आकडा आठवा. असं सांगतात की विद्यापीठाच्या पोरांनी आजूबाजूच्या गच्च्यांवरून हा प्रकार बघायला माणशी पाच डॉलर घेतले. कुठल्याही कॉलेजातली पोरं शेवटी सारखीच.

एक गैरसमज प्रत्येक खेपेला निघतो, म्हणून लिहितो. मुलगी कोळ्यासारखी उलटी होऊन जिना उतरते ते दृश्य या पायऱ्यांवरचं नाही. तो घराच्या आतला जिना, म्हणजे न्यूयॉर्कचा सेट. आणि तुम्ही कॉलेजात जुनी आवृत्ती बघितली असेल तर ते दृश्य तिच्यात नव्हतंच, २०००मध्ये आलेल्या वाढीव आवृत्तीत ते घातलं.

पायऱ्यांची ओळख सांगणारी पाटी खाली, एम स्ट्रीटच्या टोकाला आहे. ३० ऑक्टोबर २०१५ला शहराच्या महापौरांनी ती बसवली, तेव्हा फ्रीडकिन आणि ब्लॅटी दोघेही हजर होते. ब्लॅटी २०१७मध्ये गेला, फ्रीडकिन २०२३मध्ये. वर नवख्याला कळेल असं फारसं काही नाही, त्यामुळे वरून आलेले लोक 'हीच का?' असं एकमेकांना विचारत असतात.

दिवसा की रात्री? सकाळी गेलात तर पायऱ्यांवर व्यायामवाल्यांचं राज्य असतं. कानात बटणं खुपसलेली, घामाने निथळलेली मंडळी वर-खाली पळतात आणि फोटोसाठी आडवे उभे राहिलेल्या पर्यटकाकडे, आपल्याकडे लोकलच्या दारात अडून राहिलेल्या माणसाकडे बघतात तसं बघतात. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. सहाला वर पोचा. आकाशात उजेड आणि फटीत अंधार अशी वीसेक मिनिटं मिळतात. माग्रितची आठवण मला तिथे दरवेळी येते. हॅलोविनच्या, म्हणजे ३१ तारखेच्या रात्री मात्र जाऊ नका. पाद्र्याच्या वेषातल्या तरुणांची रांग लागलेली असते आणि पायऱ्या दिसतच नाहीत.

मेरीलँडच्या घराबद्दल विचारलंय. १९४९च्या त्या बातमीत मुलगा माउंट रेनियर गावचा म्हटलं होतं, म्हणून कित्येक वर्षं लोक त्या गावातल्या एका मोकळ्या प्लॉटवर जाऊन शहारे घेत होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एका स्थानिक संशोधकाने जुनी कागदपत्रं धुंडाळून दाखवलं, की ते कुटुंब शेजारच्या कॉटेज सिटीत राहायचं. म्हणजे एवढी वर्षं भलत्याच जागी अंगावर काटा येत होता. मला हा किस्सा सिनेमाइतकाच आवडतो. पण खऱ्या घरासमोर जाऊन उभं राहायला माझं मन घेत नाही. तिथल्या आजच्या रहिवाशांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही आणि मुलावरचे मुख्य विधी तर दूर मिझुरी राज्यातल्या सेंट लुइसला झाले होते. ते ज्या रुग्णालयात संपले, ती इमारतही पाडून झाली. तेव्हा बघायचं काय?

न्यूयॉर्कला जाणार असाल तर एवढंच: खोलीचा सेट मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत होता, तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. पण तो बांधला होता मोठ्या थंडपेटीत. संवाद बोलताना तोंडातून वाफ निघावी म्हणून अख्खी खोली शून्याच्या खाली नेत. मधे सेटला आग लागून घराचा बराचसा भाग जळाला आणि काम काही आठवडे थांबलं, मुलीची खोली तेवढी वाचली. तेव्हाच्या वर्तमानपत्रांना 'शापित सिनेमा' लिहायला एवढं पुरेसं होतं.

आणि इराक. सुरुवातीचं उत्खनन मोसुलजवळच्या हात्रा या प्राचीन नगरात चित्रित झालंय. अमेरिका आणि इराक यांचे राजनैतिक संबंध तेव्हा तुटलेले होते, तरी फ्रीडकिन तिथे गेला. १९८५पासून हात्रा जागतिक वारसास्थळ आहे. २०१५मध्ये आयसिसने तिथल्या मूर्ती हातोड्यांनी फोडल्या. त्यामुळे आज त्या प्रसंगातले मागचे दगड बघताना मला राक्षसापेक्षा त्यांचंच जास्त वाटतं. पंख पसरलेला पाझुझू, म्हणजे सिनेमातल्या त्या राक्षसाची मूर्ती, मात्र तिथे शोधू नका, तो सिनेमावाल्यांनी बनवून नेलेला होता. जुना, खरा पाझुझू पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, पितळी रंगाचा, जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा. आणि मेसोपोटेमियातल्या बायका तो बाळंतिणीच्या रक्षणासाठी बाळगत. आपल्याकडे दारावर राक्षसाचं तोंड टांगतात, त्यातला प्रकार.

आता आई. त्यांना पूल चालवू नका. तुम्ही रॉसलिनहून चालत या, त्यांना लेकीबरोबर टॅक्सीने थेट विद्यापीठाच्या फाटकाशी उतरवा. तिथून ३६व्या रस्त्याने प्रॉस्पेक्ट स्ट्रीटपर्यंत उतारच आहे, पण विटांचे फुटपाथ झाडांच्या मुळांनी उचललेत, तेव्हा हात धरून, सावकाश. कोपऱ्यावरच्या तळघरात 'द टूम्ब्स' आहे, १९६२पासूनचं विद्यार्थ्यांचं खाण्यापिण्याचं ठिकाण. नाव थडग्यांचं असलं तरी आत गरम असतं, बसायला बाक आहेत आणि बटाट्याचे काप मिळतात. तिथे त्यांना बसवून तुम्ही पायऱ्या उतरा, पाटी बघा आणि परत वर या. माझी मावशी आली होती तेव्हा ती खाली बसायला तयार झाली नाही. वरच्या पायरीवर कठडा धरून उभी राहिली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या उंचावरनं ढकलायला भूत कशाला हवं? ओली पायरी बास आहे."